नववा माठ

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दुसरबीडला एसटीतून उतरलो, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त आमरस होता. मेव्हण्याकडे सणाला जायचं, पुरणपोळीवर रस ओतायचा आणि दुपारी लिंबाखाली खाटेवर पडायचं, एवढाच माझा कार्यक्रम. पण राखी स्टँडवर स्कूटी घेऊन उभी होती. तिचं तोंड पाहिलं आणि मी रसाची आशा सोडली.

"आत्या, माठ फोडले कोनंतरी," ती म्हणाली. "टाकीतलं पानी सारं गेलं. आन पाच वाजता चौदा मानसं येऊन राह्यले."

राखी ही माझ्या मेव्हण्याची, कडूबाची, एकुलती एक लेक. तिची आत्या म्हणजे माझी बायको केसरबाई. मेहकर डेपोत पंचवीस वर्षं कंडक्टर होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. तिघांनी एका स्कूटीवर बसणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं, पण आज तिनं स्वतःच राखीच्या पाठीवर दोन टिचक्या मारून डबलबेल दिली.

माळावर पोचलो. इथं सांगायला हवं की हा माळ म्हणजे नुसता मुरूम. कुसळ उगवलं तरी त्याचं कौतुक वाटावं. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या राखीनं ह्याच माळावर आठ तंबू ठोकले होते. तिचं म्हणणं सरळ होतं. लोक राजस्थानात जातात, वाळवंटात तंबूत राहतात, भाजून घेतात आणि वर त्याचे फोटो लावतात. मग आपल्याकडे काय कमी आहे? बेचाळीस डिग्री ऊन आहे, लांबपर्यंत सावली नाही, आणि सूर्य कलला की असा वारा सुटतो की घरातली माणसं खाटा घेऊन बाहेर येतात. पाटीवर नाव लिहिलं होतं, 'रखरख'. मी तिला म्हटलं होतं, नाव जरा गारव्याचं ठेव. त्यावर ती म्हणाली, "मामा, गारवा तं सारेच इकतेत."

कडूबाला हे अजिबात पटलं नव्हतं. "उन्हात झोपाले येनारे येडे, आन बोलावनारी त्याहून येडी," असं तो गावभर म्हणत होता. माळ मागायला एक खडी क्रशरवाला घिरट्या घालत होता. शेवटी बापलेकीत ठरलं होतं. एक मुक्काम राखीनं करून दाखवायचा. नीट पार पडला तर माळ तिचा, फसला तर क्रशरचा. आणि तोवर त्या माळावर पाय ठेवणार नाही, अशी कडूबानं आपल्या पाखऱ्या बैलाची शपथ घेतली होती. लेकीला मदतीचं बोटही लावणार नव्हता तो.

आणि आज तो एक मुक्काम होता.

मांडवाखाली रेतीचा ओटा करून त्यावर माठ ओळीनं मांडलेले होते. आठ माठांची खापरं झालेली होती. पलीकडे पाचशे लिटरची काळी टाकी आडवी पडली होती, आणि तिची तोटी कोणीतरी काढून नेली होती.

ओळीच्या टोकाला नववा माठ मात्र तसाच होता. पाण्यानं काठोकाठ भरलेला.

२

"हे काम ज्ञानेश्वरकाकाचं हाय," राखी म्हणाली. "मी दुसरबीडच्या चौकीत तक्रार देऊन राह्यली."

ज्ञानेश्वर हा बांधाला बांध लागून असलेला शेजारी. क्रशरवाल्याला दोघांचा माळ एकत्र हवा होता, नाहीतर एकाचाही नको होता. म्हणजे राखीचा मुक्काम फसण्यात ज्ञानेश्वरचा सरळ फायदा. मी मान हलवली. मला तर प्रकरण मिटल्यासारखंच वाटलं.

"दोन वाजेलोक थांब," केसरबाई म्हणाली. "तक्रार काय, दोनलेबी देता येते. शेजाऱ्यावर एकदा कागद झाला का मंग तो मागं घेता येत नाही."

ती टाकीभोवती फिरली, वाकली, हातानं मुरूम चाचपला. कोरडा खडखडीत. तिथं पाणी सांडलं असतं तर सकाळी निदान ओल तरी दिसली असती. मांडवाच्या खांबाला ठिबकची लांब नळी गुंडाळून टांगलेली होती. तिनं ती खाली घेतली आणि एक टोक उंच धरलं. दुसऱ्या टोकातून चार थेंब माझ्या चपलेवर पडले.

मग तिनं वर पाहिलं. मांडवावर जुनं हिरवं शेडनेट ताणलेलं होतं. ते राखीच्या आईचं, रुक्मिणीबाईचं. टोमॅटोच्या बियाण्यासाठी शेडनेटमध्ये फुलांना हातानं पराग लावायचं काम असतं, त्याला इकडे क्रॉसिंग म्हणतात. पराग लावून झाला की त्या फुलाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा, म्हणजे कोणतं झालं ते कळतं. रुक्मिणीबाई ह्यात इतकी मुरलेली की घरातही तिचे लाल दोरे चालायचे. कपाटाच्या खऱ्या किल्लीला लाल दोरा, पिण्याच्या पाण्याच्या ड्रमला लाल दोरा. एकदा माझ्या छत्रीलाही बांधला होता, कारण मी दुसऱ्याची घेऊन जातो म्हणून. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. कडूबानं त्या वर्षी शेडनेट उभारलंच नाही. जाळीत तिचे दोनचार दोरे अजून अडकलेले दिसत होते आणि मला एकदम तिची फार आठवण आली.

"वच्छलाबाई कुठं हाय?" केसरबाईनं विचारलं.

वच्छलाबाई स्वयंपाकाला होती. चुलीपाशी बसून ती ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती आणि तिचा पारा मिरच्यांच्या वर होता.

"म्या सांगतलं होतं," ती म्हणाली. "आखाजीच्या आदी नव्या माठात पानी भरू नोका. पयले पितरायची घागर भरा, मंग तुमचे माठ. हे पोट्टे आयकतेत का?"

"मावशी, माठ मुरवाले भरले होते," राखी म्हणाली. "एक थेंब कोनी पेला नाही. तुमीच पिऊ नाही देल्ला. मी आन ऋत्विक बाटलीतलं पेलो."

"नाहीच पेऊ देनार."

"मग राग आला म्हनून तुमीच फोडले का?" केसरबाईनं शांतपणे विचारलं.

वच्छलाबाईनं चिमटा खाली ठेवला. "बाई, नवा माठ फोडनं म्हंजे काय खेळ हाय? कुंभाराच्या मेहनतीवर पाय देईन का मी?"

"बरं. टाकी कवा भरली?"

"काल. सहाच्या सुमाराले. टँकरवाला येऊन भरून गेला," असं म्हणताना वच्छलाबाईनं पुन्हा मिरच्यांकडे तोंड वळवलं.

तिथून निघाल्यावर केसरबाई मला म्हणाली, "खोटं बोलली."

३

माळावरचा तिसरा माणूस ऋत्विक. हा मेहकरचाच पोरगा, दोन वर्षं राजस्थानात एका वाळवंटातल्या तंबूंच्या मुक्कामावर कामाला होता. तंबू कसा ताणायचा, पाहुण्याला ऊन कसं लागू द्यायचं नाही, हे सगळं त्याच्याकडून. राखीचा भागीदार. तंबूत झोपायला काल ते दोघंच होते, राखी ह्या टोकाच्या तंबूत, हा त्या टोकाच्या.

"रात्री काही ऐकलं नाहीस?"

"नाही आत्या. वारा सुटला की तंबूंचा आवाजच एवढा होतो."

"फोन कोनाचा येऊन राह्यला सकाळपासून? तीनदा कापला तू."

पोरगा लाल झाला. जुन्या मालकाचा फोन होता म्हणे, लोणारकडे नवीन मुक्काम काढतोय, ये म्हणतोय, पगार चांगला देतो. मी लगेच केसरबाईकडे पाहिलं. हा तर ज्ञानेश्वरपेक्षाही भक्कम संशयित निघाला.

"मी नाही म्हटलंय," ऋत्विक म्हणाला. "पण राखीला सांगितलं नाही. तिला वाटेल मी दार उघडं ठेवतोय."

"माठ कोनी भरले?"

"मी. काल साडेसातला आम्ही स्टँडवरून गाद्या घेऊन आलो, बघतो तर टाकी भरलेली. मग आठ माठ मी टाकीतून भरले."

"नऊ होते ना?"

"एक आधीच भरलेला होता. मला वाटलं मावशींनी भरला असेल."

केसरबाईनं राखीला हाक मारली. नववा माठ कोणाचा, असं तिनं विचारलं.

"आईचा," ती म्हणाली. "पयली आखाजी हाय तिची. तिची घागर इथंच भरायची होती मले. अप्पाले आवडनार नाही म्हनून कोनाले सांगतलं नाही. काल सकाळी घरच्या इहिरीचं पानी भरलं आन स्कूटीवर पुढं ठेवून आनला. नववा माठ हाय, मांडला साऱ्यायच्या संगं."

"तुह्या अप्पानं पाह्यलं भरताना?"

"बैलाले चारा टाकून राह्यले होते. पाह्यलं असन. बोलले नाही काही."

मी नवव्या माठाकडे वाकून पाहिलं. बाकीच्या आठांसारखाच, त्याच कुंभाराचा. फरक एवढाच की तो रेतीवर नव्हता, जुन्या कापडाच्या चुंबळीवर ठेवला होता. मला तर ती चिंधीच वाटली.

"आईच्या मोरपंखी लुगड्याची हाय," राखी म्हणाली.

केसरबाई बराच वेळ त्या चुंबळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चला, ज्ञानेश्वरकडं जाऊ. पन भांडाले नाही."

४

ज्ञानेश्वर शेळ्या घेऊन बांधावर उभा होता आणि भांडायच्या तयारीतच होता.

"मले माहीत हाय, माह्यावरच आळ येनार," तो म्हणाला. "क्रशरले माळ द्याचा हाय मले, हाव, द्याचा हाय. पोरीच्या लग्नाले जमीन इकून राह्यलो नाही, भाड्यानं देऊन राह्यलो. पन पानी सांडाले मी काही राक्षस नाही. ह्या दिवसांत पानी सांडते का कोनी?"

"तुले कोन म्हन्लं?" केसरबाई म्हणाली. "मी दुसरंच इचारते. सकाळी शेळ्या कुठून नेल्या?"

"रोजच्या वाटेनं. पन तुमच्या शोषखड्ड्यावर कोनं तरी बोराटीच्या काट्या रचून ठेवल्या. सारी वाट अडवली. एक शेळी अडकली माही."

तो खड्डा माळाच्या उतारावर, टाकीपासून पन्नासेक पावलांवर. न्हाणीच्या पाण्यासाठी राखीनं खणून ठेवलेला. आम्ही गेलो. खड्ड्यावर बोराटीच्या फांद्या इतक्या दाट रचल्या होत्या की कोंबडीचं पिल्लूही आत जाऊ नये. मी एक फांदी उचलायला गेलो आणि बोटात काटा रुतवून घेतला. फटीतून दिसत होतं, तळाला चिखल होता. ओला, काळपट.

"हे घ्या," मी म्हटलं. "पाणी इथं सोडलंय. नळीनं."

"हाव. पन काट्या काऊन?"

मी विचार केला. माझ्यासारख्याला विचार करायला लावणं ही केसरबाईची जुनी खोड आहे. पंचवीस वर्षं तिनं प्रवाशांना हेच केलं.

"लपवायला?" मी म्हटलं.

"लपवाचं असतं तं माती लोटली असती. काट्या जनावरासाठी टाकतेत. आतलं त्यानं पिऊ नाही म्हनून." तिनं माझ्या बोटातला काटा ओढून काढला. "चोर कवा शेळ्यायची काळजी करते का, अहो?"

ज्ञानेश्वरनं आपल्या शेळ्या झटकन मागे घेतल्या. राखी माझ्या शेजारी होती. तिचा हात माझ्या दंडावर घट्ट बसला.

"म्हंजे पानी..."

"पानी खराब होतं," केसरबाई म्हणाली. "आन ज्यानं सोडलं त्याले ते माहीत होतं."

५

परत मांडवात आलो तेव्हा बारा वाजले होते. ऊन असं होतं की तंबूच्या लोखंडी खुंटीला हात लावला तर चटका बसत होता. वच्छलाबाईनं भाकरी वाढली. राखी एकटक माठाकडे बघत होती.

केसरबाईनं एकदा मला सांगितलं होतं, तिकीट चुकवणारा माणूस कुठं उतरायचं ते नेहमी खरं सांगतो. तो खोटं बोलतो ते कुठं चढला ह्याबद्दल. जेवताना तिनं तेच पुन्हा काढलं.

"सकाळपासून आपन सारे इचारून राह्यलो, पानी गेलं कुठं. चढलं कुठं, हे कोनीच नाही इचारलं."

"टँकरनं," राखी म्हणाली.

"त्याले फोन लाव."

राखीनं लावला, आवाज मोठा केला. टँकरवाला म्हणाला, ताई, काल मोटर जळाली होती, येता आलं नाही, आज तीनला नक्की घेऊन येतो, रागवू नका.

वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला.

"सांगून टाक, वच्छला," केसरबाई मऊ आवाजात म्हणाली. "तू कोनाचं तरी झाकून राह्यली. वाईट मानसाचं नाही झाकत तू."

"शपथ घातली त्यायनं मले," वच्छलाबाई म्हणाली आणि भाकऱ्यांची टोपली उचलून चुलीकडे गेली.

पण राखी उठली होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"चुंबळ," ती म्हणाली. "आत्या, आईची चुंबळ ओळखनारे दोघंच. मी आन अप्पा. आठ माठ फोडले, आईचा तेवढा ठेवला. अप्पानं केलं हे. त्यायले माळ क्रशरले द्याचा हाय." तिचा आवाज फुटला. "बोलले असते तं मीच देऊन टाकला असता. माठ काऊन फोडले?"

पुरावा तर सगळा तिच्याच बाजूनं होता.

"अर्धं बरोबर हाय तुहं," केसरबाई म्हणाली. "घरी चल. बाकीचं अर्धं तिथं असन."

६

कडूबाच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं की तो पहाटेच आला कुठून तरी, अंघोळ न करता बैलगाडी जुंपून दुसरबीडला गेला. गोठ्यात बैलाचं पाणी पाजायचं घमेलं पालथं घातलेलं होतं, आणि वर दगड ठेवला होता.

गोठ्यामागे भिंतीला लागून तीन निळे ड्रम असायचे. दोन पिण्याच्या पाण्याचे, एक शेडनेटवर फवारायचं औषध कालवायचा. तिन्ही सारखेच. म्हणूनच रुक्मिणीबाई चांगल्या दोघांच्या कड्यांना लाल दोरा बांधून ठेवायची.

आज ड्रम दोनच उभे होते. दोघांच्या कड्यांना लाल लोकर होती, नवीकोरी, आणि गाठी अशा होत्या जशा बाप्याच्या असतात, तीनतीनदा मारलेल्या. तिसरा ड्रम आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाला कुऱ्हाडीनं हातभर भोक पाडलेलं होतं. आतल्या अंगाला पांढरा थर दिसत होता. केसरबाईनं वाकून वास घेतला आणि पदरानं नाक पुसलं.

"उन्हानं जुने दोरे गळून गेले असतीन," ती म्हणाली. "आन बांधनारी नव्हती."

राखी त्या गाठींना हात लावून उभी राहिली. तिला कळायला सुरुवात झाली होती. बाहेर गाडीच्या चाकांचा आवाज झाला, पण गाडी घराकडे न वळता माळाकडे गेली.

७

आम्ही पोचलो तेव्हा गाडी माळाच्या बांधाशी थांबलेली होती. गाडीत एक नवी टाकी दोरानं बांधलेली आणि मागे नव्या माठांची चळत, मध्ये गवत घातलेलं. कडूबा खाली उतरून बांधाच्या अलीकडे उभा होता. पलीकडे वच्छलाबाई आणि शेळ्या घेऊन ज्ञानेश्वर येऊन उभे होते, पण तो तिकडे पाय ठेवत नव्हता. पाखऱ्या शेपटी हलवत होता.

"हे घ्या उतरून," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "दुकानातून पाठवलं हाय. कोनं पाठवलं मले माहीत नाही."

"कडूबा," केसरबाई म्हणाली, "तोटी दे."

"कोनची तोटी, अक्का?"

"टाकीची. तुह्या खिशात हाय. तोटी नेली कारन टाकी पुन्हा कोनी भरू नाही. माठ फोडले कारन नवी माती पानी पिऊन घेते, नुसतं ओतून भागत नाही. खड्ड्यावर काट्या टाकल्या कारन शेळ्या तिकडून जातेत. आन नववा माठ ठेवला कारन त्यात घरचं पानी हाय हे तुले माहीत होतं. चुंबळ पाहून ओळखला तू. काल टँकर नाही आला, तू पाह्यलं. ही पोरगी गाद्या आनाले गेली तवा शपथ मोडून दोन ड्रम भरून आनून ओतले, त्यातला एक फवारनीचा निघाला. वच्छलाले गप राह्याले सांगतलं. मदत केली आन ती लपवाची होती तुले. खरं का खोटं?"

कडूबाचा हात खिशात गेला. पितळेची तोटी त्यानं बांधावरच्या दगडावर ठेवली.

"पहाटं पाखऱ्याले पानी दाखवलं," तो म्हणाला. "ड्रमाच्या बुडाशी राह्यलेलं होतं थोडं. त्यानं नाक लावलं आन तोंड फिरवलं. म्या वास घेतला. अक्का, इथवर पळत आलो. पयले तिच्या तंबूपाशी गेलो. श्वास चालू हाय का पाहत उभा राह्यलो. घोरून राह्यली होती, तिच्या मायसारखी. मंग टाकी सोडली."

"मले उठवलं काऊन नाही, अप्पा?" राखी म्हणाली.

"काय सांगू? तुह्या बापानं तुले जहर भरून देल्लं?" त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "रुक्मिनी असती तं असं झालं नसतं. तीन ड्रम हायेत, मले कळत नाही कोनता चांगला. तीस साल त्या दोऱ्याकडं पाहून पानी पेलो मी, आन दोरा गेला तं मले समजलंबी नाही."

ज्ञानेश्वर शेळ्यांकडे बघू लागला. वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते मिरच्यांवर ढकलत होती, चूल तर शंभर पावलं लांब होती.

राखी चालत बांधापर्यंत गेली. "माळ क्रशरले देनार होते ना तुमी?"

"फसला तं देनार होतो. फसू कसा देईन वं मी?" कडूबा चिडूनच म्हणाला. "चौदा मानसं येऊन राह्यले. उचला टाकी."

"तुमीबी उचला."

"शपथ हाय माही."

"शपथ काल मोडली तुमी, अप्पा. आज पहाटंबी मोडली. आता पाखऱ्याले काय फरक पडते?"

कडूबानं बैलाकडे पाहिलं. बैल रवंथ करत होता. मग त्यानं धोतराचा सोगा खोचला आणि बांध ओलांडला.

८

टँकर तीनला आला. त्याआधी ऋत्विकनं जुनी टाकी उचलून गाडीत टाकली आणि ज्ञानेश्वरनं फावडं आणून शोषखड्डा मुरमानं बुजवला. जाताना तो राखीला म्हणाला, "पाव्हन्यायले शेळीचं दूध लागलं तं सांग. क्रशरचं आपन पाहू मंग." ऋत्विकनं लोणारचा फोन सगळ्यांसमोर उचलला, नाही म्हणून सांगितलं आणि ठेवला. आणि मी, भाऊराव, ज्यानं एका दिवसात दोन निरपराध माणसांना मनातल्या मनात तुरुंगात टाकलं होतं, माठ उतरवून ओटा मांडला. पण नव्या माठांना मुरायला रात्र लागते. पाहुण्यांना द्यायला थंड पाणी नव्हतंच.

पाचला गाड्या आल्या. चौदा माणसं उतरली ती डोळ्यांवर हात धरून. त्यांत एक आजी होत्या, घामानं निथळलेल्या. त्यांनी उतरल्या उतरल्या विचारलं, "बाळा, पाणी आहे का गं?"

राखीनं कडूबाकडे पाहिलं. आखाजीची घागर पितरांच्या नावानं भरतात आणि मग तहानलेल्याला देतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. कडूबानं नवव्या माठावर हळदकुंकवाची बोटं ओढली, हात जोडले, बायकोचं नाव पुटपुटला. मग स्वतः ओगराळं बुडवून आजींच्या ओंजळीत पाणी धरलं.

"किती गार आहे," आजी म्हणाल्या. "काय घातलंय ह्यात?"

"काही नाही जी," कडूबा म्हणाला. "घरचं हाय."

चौदाही जणांना ते पुरलं, तळाशी थोडं उरलंही. ते केसरबाईनं मला दिलं. आमरस त्या दिवशी मिळाला नाही, पण मी तक्रार करत नाही.

ऊन कललं, वारा सुटला, पाहुणे तंबूंबाहेर खाटा टाकून बसले. कडूबा नव्या टाकीपाशी उकिडवा बसला होता. त्यानं कनवटीतून लाल लोकरीचा तुकडा काढला आणि तोटीला बांधला. एक गाठ, दोन गाठी, तीन.

राखी मागून आली, त्याच्या शेजारी बसली. तिनं त्याच्या तिन्ही गाठी सोडल्या आणि आई बांधायची तशी एकच गाठ बांधली.

"अशी असते, अप्पा," ती म्हणाली. "उद्या तुमी बांधा, मी पाहीन."